फायब्रोमायाल्जिया आणि महिलांचे व्यायामाधारित पुनर्वसन : बंगळुरूच्या संदर्भात एक अभ्यास

सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना मृत्युदर, साथीचे रोग, माता व बालकांचे आरोग्य या विषयांना अग्रक्रम मिळतो आणि तो योग्यही आहे. तथापि, काही व्याधी माणसाचा प्राण घेत नाहीत, परंतु त्याची कार्यशक्ती, झोप आणि आत्मविश्वास वर्षानुवर्षे हिरावून घेतात. फायब्रोमायाल्जिया ही अशा व्याधींपैकी एक होय. सर्वांग ठणकणे, रात्रभर झोपूनही सकाळी थकवा असणे, कामात लक्ष न लागणे ही तिची प्रमुख लक्षणे आहेत. रक्ततपासणीत अथवा क्ष-किरण चित्रात या व्याधीची खूण सापडत नाही. त्यामुळे ‘काहीही झालेले नाही’ असा शेरा घेऊन अनेक महिला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जात राहतात.

या व्याधीवरील उपचारांत आज सर्वाधिक भक्कम शिफारस व्यायामाची आहे. व्यायामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. त्यासाठी लागतो तो वेळ, योग्य मार्गदर्शन आणि रुग्णाच्या वेदनेवर घरच्यांचा व वैद्यकांचा विश्वास. नेमक्या याच तीन गोष्टी महिलांना सहज मिळत नाहीत. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता विकासाचा व सामाजिक न्यायाचाही ठरतो.

व्याधीचे स्वरूप आणि निदान

इंग्लंडमधील चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ साली स्नायूंच्या अशा दुखण्यासाठी ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा वापरली. तिच्यात दाह, म्हणजे सूज, अभिप्रेत होती. पुढील संशोधनात ऊतींमध्ये अशी सूज आढळली नाही. त्यामुळे १९७० च्या दशकात ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव रूढ झाले.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने १९९० साली निकष ठरविले. किमान तीन महिने शरीराच्या सर्व भागांत पसरलेली वेदना आणि ठरावीक १८ बिंदूंपैकी किमान ११ बिंदूंवर दाबल्यास दुखणे, असे ते निकष होते. २०१० साली दाबबिंदूंची अट काढून टाकण्यात आली. त्याऐवजी दोन मोजमापे आली. पहिल्यात शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखतात हे मोजले जाते. दुसऱ्यात थकवा, ताजेतवाने न वाटणारी झोप, स्मरण व एकाग्रतेच्या अडचणी आणि इतर शारीरिक लक्षणे यांना ० ते १२ गुण दिले जातात. २०१६ साली या निकषांत आणखी सुधारणा झाली. दुसरा आजार असला तरी फायब्रोमायाल्जियाचे निदान करता येते, हेही त्यात स्पष्ट करण्यात आले.

निकषांमधील या बदलाचा एक परिणाम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या निकषांनुसार रुग्णांमध्ये महिलांचे प्रमाण फार मोठे दिसत असे. दाबबिंदूंची अट गेल्यानंतर हे अंतर कमी झाले, तरी महिलांचे प्रमाण अधिकच राहिले. जगभरात लोकसंख्येच्या सुमारे २ ते ४ टक्के लोकांना ही व्याधी असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे आरोग्यविषयक कोणतीही आकडेवारी वाचताना ध्यानात ठेवावे.

भारतातील स्थितीचा विचार करताना पुणे जिल्ह्यातील भिगवणचा उल्लेख आवश्यक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या गावात घरोघरी पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के व्यक्तींना स्नायू, हाडे वा सांध्यांचे दुखणे असल्याचे आढळले. त्यांतील मोठा भाग कोणत्याही ठरावीक सांधेविकारात न बसणाऱ्या अंगदुखीचा होता. या सर्वांना फायब्रोमायाल्जिया होता असे नाही. परंतु अंगदुखी हा केवळ शहरी, सुखवस्तू वर्गाचा विषय नाही, हे या पाहणीने दाखवून दिले.

अंगदुखी व थकवा यांची इतर कारणे आधी तपासणे अगत्याचे असते. थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवात आणि रक्तक्षय यांची लक्षणे बरीचशी अशीच असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. कर्नाटकात हे प्रमाण ४७.८ टक्के होते. ज्या महिलेचे हिमोग्लोबिन कमी आहे, तिला रक्तक्षयाचा उपचार न करता केवळ व्यायाम सांगणे म्हणजे थकव्यात भर घालणे होय. म्हणून व्यायामाधारित पुनर्वसनाची सुरुवात तपासणीपासून होते.

वेदनेमागील शास्त्र

शरीराला इजा झाली की चेतातंतू मेंदूला संदेश देतात आणि वेदना जाणवते. इजा भरून आली की वेदनाही थांबते. फायब्रोमायाल्जियात मात्र संदेशांचा आवाज वाढविणारी कळ जणू वरच्या टोकाला अडकून राहते. मेंदू व मज्जारज्जू साध्या स्पर्शाला वा दाबालाही वेदना म्हणून नोंदवितात. या अवस्थेस मध्यवर्ती चेतासंस्थेची अतिसंवेदनशीलता म्हणतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांच्या अभ्यासात निरोगी व्यक्तींपेक्षा बऱ्याच कमी दाबाने या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित भाग सक्रिय झालेले दिसले. म्हणजेच ही वेदना मनाचा खेळ अथवा कामचुकारपणा नव्हे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ साली अशा वेदनेसाठी ‘नॉसिप्लास्टिक’ ही तिसरी श्रेणी स्वीकारली. ऊतींच्या इजेमुळे होणारी वेदना आणि चेतातंतूंच्या इजेमुळे होणारी वेदना या पहिल्या दोन श्रेणी होत.

औषधांचा उपयोग मर्यादित आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रीगॅबालिन (२००७), ड्युलॉक्सेटिन (२००८) आणि मिल्नासिप्रान (२००९) या तीन औषधांना या व्याधीसाठी मान्यता दिली. त्यांचा काही रुग्णांना लाभ होतो, अनेकांना होत नाही. अफूवर्गीय तीव्र वेदनाशामके या व्याधीत टाळण्याचाच सल्ला तज्ज्ञ देतात.

व्यायामच का?

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१६ साली आपल्या शिफारशी सुधारल्या. औषधे, मानसोपचार, पूरक उपचार अशा अनेक पर्यायांचा आढावा घेतल्यानंतर ‘भक्कम शिफारस’ हा दर्जा केवळ व्यायामाला देण्यात आला.

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली चालणे, सायकल यांसारख्या दमश्वासाच्या व्यायामांवरील १३ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ८३९ व्यक्ती सहभागी होत्या. व्यायाम करणाऱ्यांची वेदना १०० गुणांच्या मापावर सरासरी सुमारे ११ गुणांनी कमी आढळली आणि जीवनमानातही काही सुधारणा दिसली. हा लाभ चमत्कार म्हणावा इतका मोठा नाही. परंतु जिला पाणी भरून झाल्यावर तासभर आडवे व्हावे लागते, तिच्या दृष्टीने तो नगण्यही नाही. शक्तिवर्धक व्यायाम आणि कोमट पाण्यातील व्यायाम यांचेही लाभ आढळले आहेत, मात्र त्यांबाबतच्या पुराव्याचा दर्जा तुलनेने कमी आहे.

शरीर व मन यांना एकत्र गुंफणाऱ्या पद्धतींचाही अभ्यास झाला आहे. २०१० साली अमेरिकेतील ओरेगॉन येथे ५३ महिलांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या सौम्य योगाभ्यासाने वेदना व थकवा कमी झाल्याचे दिसले. २०१८ साली बोस्टन येथील २२६ रुग्णांच्या चाचणीत ताई-ची ही चिनी संथ व्यायामपद्धती दमश्वासाच्या व्यायामाइतकी किंवा त्याहून अधिक उपयुक्त ठरली. या साऱ्याचा मथितार्थ असा की, व्यायामाचा प्रकार कोणता यापेक्षा तो नियमित, सोसवेल इतका आणि रुग्णाला आवडणारा असणे महत्त्वाचे आहे.

व्यायाम कसा परिणाम करतो? स्नायूंची ताकद व सहनशक्ती वाढल्याने रोजच्या कामाचा भार तुलनेने हलका होतो, झोप सुधारते आणि मेंदूतील वेदना दाबणारी नैसर्गिक यंत्रणा सक्रिय होण्यास मदत होते. हालचालीची भीती कमी होते, हा लाभही तितकाच मोलाचा आहे.

पुनर्वसनाची पद्धत

‘उद्यापासून रोज तासभर चाला’ असा सल्ला फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णाला उपकारक न ठरता अपायकारक ठरू शकतो. बरे वाटणाऱ्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, हे चक्र या रुग्णांमध्ये सर्रास दिसते. पुनर्वसनाचे पहिले उद्दिष्ट हे चक्र मोडणे हे होय.

१. मूळ पातळी ठरविणे : सहा मिनिटांत किती अंतर चालता येते आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, या सोप्या चाचण्या घेतल्या जातात. आजाराचा दैनंदिन जीवनावरील प्रभाव प्रश्नावलीद्वारे नोंदविला जातो.

२. मर्यादेच्या आतून आरंभ : आठ मिनिटे चालल्यावर वेदना वाढत असेल, तर पाच-सहा मिनिटांपासून सुरुवात केली जाते. चालताना बोलता यावे, इतकीच गती राखली जाते.

३. संथ वाढ : एक-दोन आठवड्यांनी थोडीशीच वाढ केली जाते. आठवड्यातून दोन-तीन वेळा २० ते ३० मिनिटांचा मध्यम व्यायाम, हे सुरुवातीच्या काही महिन्यांचे उद्दिष्ट असते.

४. ताकद व लवचीकता : खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून रेटा देणे, रबरी पट्टी ताणणे, अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलणे असे घरगुती साधनांचे व्यायाम टप्प्याटप्प्याने जोडले जातात.

५. वेदना उसळल्यास : सुरुवातीस थोडी वेदना वाढणे अपेक्षित असते. ती दुसऱ्या दिवशीही वाढलेलीच राहिल्यास मात्रा कमी केली जाते, मात्र व्यायाम पूर्णपणे थांबविला जात नाही.

६. सातत्य : व्यायाम सोडल्यास लाभ ओसरतो. त्यामुळे शेवटचा टप्पा रुग्णाला स्वावलंबी करण्याचा असतो.

छातीत दुखणे, सांध्यांना सूज, ताप, वजनातील अकारण घट अशी लक्षणे असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी करणे अनिवार्य आहे. नैराश्य वा चिंता असल्यास त्यांवरील उपचार व्यायामाच्या जोडीने व्हावे लागतात.

बंगळुरूचे चित्र

बंगळुरूची ओळख माहिती-तंत्रज्ञानाचे शहर अशी असली, तरी पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत फार मोठ्या संख्येने महिला काम करतात. एक वर्ग दिवसभर संगणकासमोर, तर दुसरा शिलाई यंत्रासमोर बसलेला असतो. अशा कामातून होणारे मान-पाठ-खांद्याचे दुखणे आणि फायब्रोमायाल्जिया या दोन भिन्न गोष्टी आहेत. तथापि, दीर्घकाळ दुर्लक्षिलेली स्थानिक वेदना, अपुरी झोप आणि ताण हे घटक व्यापक वेदनेस पोषक ठरतात.

पुनर्वसनासाठी लागणारे ज्ञान या शहरात एकवटलेले आहे. १९७४ साली मानसिक रुग्णालय व अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून ‘निम्हान्स’ची स्थापना झाली आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. चेताविज्ञान, मानसोपचार, पुनर्वसन आणि योग यांचा मेळ तेथे घातला जातो. १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी शहरातील अनेक भौतिकोपचार महाविद्यालये संलग्न आहेत. राजाजीनगर येथे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. विमाधारक कामगार महिलांच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे आहे.

शहराच्या दक्षिणेस जिगणीजवळ ‘स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थान’ आहे. २००२ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली दीर्घकालीन कंबरदुखीच्या ८० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका आठवड्याच्या निवासी योगकार्यक्रमाने वेदनाजन्य अक्षमता घटली व पाठीची लवचीकता वाढली, असा तिचा निष्कर्ष होता. ही चाचणी फायब्रोमायाल्जियावरील नव्हती, हे लक्षात घ्यावे. एका व्याधीवरील निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावणे शास्त्रसंमत नाही. शिवाय निवासी कार्यक्रमात स्वयंपाक, मुले, नोकरी या जबाबदाऱ्या आठवडाभर बाजूला राहतात. घरी परतल्यावर त्या पुन्हा पुढे उभ्या ठाकतात. खरी कसोटी तेथे लागते.

चालण्यासाठी लालबाग व कब्बन पार्क यांसारखी विस्तीर्ण उद्याने शहरात आहेत. पीण्यातील शिलाई कामगार महिलेला मात्र ती सोयीची नाहीत. तिला गल्लीतील सुरक्षित पदपथ व जवळचे छोटे उद्यान हवे. कर्नाटक शासनाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेद्वारे राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवासाची सोय दिली. आठवड्यातून दोनदा भौतिकोपचारासाठी जावे लागणाऱ्या महिलेचा बसभाड्याचा प्रश्न त्यामुळे सुटतो. त्या फेऱ्यांना लागणाऱ्या वेळेचा प्रश्न मात्र उरतोच.

वेळेची गरिबी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या महिला त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. आठवड्याचा हिशेब केल्यास महिलेच्या वाट्याला २,०२३ मिनिटे येतात. आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम म्हणजे केवळ ९० मिनिटे, अर्थात घरकामाच्या साडेचार टक्क्यांहूनही कमी. कुटुंबाने एवढा भार वाटून घेतला, तर तिच्या उपचाराला वेळ मिळू शकतो.

‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. पुनर्वसनाच्या दृष्टीने ते चुकीचे आहे. घरकामाची मात्रा महिलेच्या सोसण्यावर ठरत नाही, घराच्या गरजेवर ठरते. वाकणे, उचलणे, उभे राहणे यांची पुनरावृत्ती असते, परंतु नियोजित विश्रांती व क्रमशः वाढ नसते. व्यायामात मात्रा रुग्णाच्या हाती असते. हाच दोहोंमधील मूलभूत भेद होय.

दुसरा प्रश्न मान्यतेचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून फायब्रोमायाल्जिया त्या यादीत नाही. दुखणे डोळ्यांना दिसत नसल्याने कामाच्या ठिकाणी सवलत मागणेही कठीण जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल १ जानेवारी २०२२ पासून) दीर्घकालीन प्राथमिक वेदनेस स्वतंत्र स्थान मिळाले आणि फायब्रोमायाल्जिया त्याअंतर्गत आला. त्यामुळे या वेदनेची नोंद स्वतंत्र आजार म्हणून करण्यास आधार मिळाला आहे.

धोरणात्मक दिशा

आयुष्मान भारत योजनेतून २०१८ पासून उभी राहिलेली आणि २०२३ साली ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामकरण झालेली केंद्रे, तसेच कर्नाटकात २०२२ च्या अखेरीस सुरू झालेली ‘नम्म क्लिनिक’ ही घराजवळची सेवा आहे. आरोग्य मंदिरांमध्ये योगसत्रेही घेतली जातात. दीर्घकालीन वेदनेची प्राथमिक ओळख, रक्तक्षय व थायरॉइडची तपासणी आणि सौम्य व्यायामाचे गटवर्ग या पातळीवर शक्य आहेत. गुंतागुंतीच्या रुग्णांनाच मोठ्या रुग्णालयाकडे पाठविता येईल. सत्रांची वेळ पाळीतील कामगार महिलांना जमेल अशी, सायंकाळची वा रविवारची, असणे आवश्यक आहे.

मनुष्यबळाच्या दृष्टीने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ महत्त्वाचा आहे. भौतिकोपचारासह अनेक व्यवसायांच्या शिक्षणाचे व सेवेचे प्रमाणीकरण करण्याची तरतूद त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ‘पुनर्वसन २०३०’ हा पुढाकार घेऊन पुनर्वसन हा प्राथमिक आरोग्यसेवेचाच भाग असावा, अशी भूमिका मांडली. कारखान्यांतही दर काही तासांनी ताण देण्याच्या हालचालींसाठी छोटी विश्रांती व बसण्याची योग्य आसने देता येतील. हे खर्चिक नाही.

समारोप

फायब्रोमायाल्जिया समूळ बरा करणारा उपाय आज उपलब्ध नाही. तथापि, योग्य मात्रेतील नियमित व्यायामाने वेदना सुसह्य होते आणि कामाची उमेद परत येते, एवढे निश्चितपणे सांगता येते. बंगळुरूसारख्या महानगरात संस्था, तज्ज्ञ व संशोधन यांची वाण नाही. उणीव आहे ती या ज्ञानाला शिलाई यंत्रामागे बसलेल्या महिलेच्या दिनक्रमात जागा मिळवून देण्याची. तिचे दुखणे खरे आहे असे प्रथम मानणे आणि तिला आठवड्याची ९० मिनिटे मिळवून देणे, हे कुटुंब, मालक व शासन या तिघांचेही कर्तव्य होय.

सरावासाठी प्रश्न

१. फायब्रोमायाल्जियाच्या निदानाच्या निकषांत १९९० ते २०१६ या काळात झालेले बदल सांगून त्यांचा आकडेवारीवरील परिणाम स्पष्ट करा.

२. घरकाम आणि पुनर्वसनात्मक व्यायाम यांतील भेद वेळ-वापर सर्वेक्षणाच्या आधारे विशद करा.

३. दीर्घकालीन वेदनेच्या व्यवस्थापनात प्राथमिक आरोग्यसेवेची भूमिका काय असावी? चर्चा करा.